दोन घरांची लेक

४ ऑक्टोबर १९३६, रविवार

कालच्या बोटीने मोठ्या तळ्यातल्या बेटावरून रोझीन वन्संचं पार्सल आलं. लोकरी कोट एक, निळा. फ्रॉक एक. मोजे दोन जोड. बूट एक जोड, कोरे. केसांची रिबीन, तांबडी. सगळं अ‍ॅग्नेसच्या मापाचं. आम्हाला खर्च शून्य. रोझीन वन्संना मात्र — नुसता कोटच सहा डॉलरच्या खाली नसेल. मासे खारवून जमवलेले पैसे ते!

चिठ्ठी नाही. लागतच नाही. डोक्यापासून पायापर्यंत नवे कपडे आले की काय समजायचं, हे आमच्या जमातीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. वन्संची तेरेसा एप्रिलमध्ये क्षयाने गेली. बारा वर्षांची. तिच्या जागी त्यांना माझी अ‍ॅग्नेस हवी आहे.

सासूबाई म्हणाल्या, "अगं फिलोमीन, मान आहे हा. तोंड कसलं पाडतेस? पोर कुठे जात नाही. दोन घरांची होते, एवढंच."

दोन घरांची! मला लेक एकच आहे.

५ ऑक्टोबर

कोट उलटा करून वास घेतला. दुकानाचाच वास. तरी ट्रंकेत नाही ठेवला, दाराबाहेर खुंटीला टांगला. देवा, क्षमा कर.

८ ऑक्टोबर

झोप लागत नाही.

मी लहानपणापासून दर नोव्हेंबरात मृतांच्या नावाने घालतात त्या जेवणाला घरोघर गेले. पहिलं ताट मृतांचं, मग आपलं. कधी भीती वाटली नाही. आता डोळे मिटले की वन्संचं टेबल दिसतं. तेरेसाची खुर्ची. त्यावर निळ्या कोटात माझी पोर. ह्या नोव्हेंबरात तिने तेरेसाच्या ताटातलं खायचं, मग वन्सं तिला लेक म्हणून हाक मारणार.

आणि मग तिने अधूनमधून तिथे राहायचं. त्याच घरात! त्याच खाटेवर! उन्हाळ्यात वन्सं आल्या तेव्हा खोकत होत्या, अ‍ॅप्रन तोंडाला लावून. मी मोजलं — चर्चमध्ये मासच्या वेळी अकरा वेळा. प्रार्थना सोडून खोकला मोजत बसले.

ह्यांना म्हटलं. म्हणाले, "रोझीन माझी चुलत बहीण. नाही म्हटलं तर बेटावर कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी म्हटलं, "आणि पोरीला काही झालं तर घरी कुठल्या तोंडाने याल?"

जाळं सांधायचंय म्हणून बाहेर गेले. जाळं कालच सांधून झालंय.

९ ऑक्टोबर

फादरना विचारलं. म्हणाले, दुःखी बाईला माया देणं हे पुण्यच. पण मेलेल्यांना ताट वाढणं — आणि जरा खाकरले. गेल्या वर्षी त्याच जेवणात आमच्याकडे मक्याचं सूप तीन वेळा मागून प्याले, ते विसरले वाटतं!

वन्संना पत्र लिहिलं. शाळा आहे, नोव्हेंबरात तळं खवळतं, पुढच्या वर्षी पाहू. तीन ओळी, तीन सबबी. उद्याच्या बोटीने जाईल.

१७ ऑक्टोबर

उत्तर आलं. दहा वेळा वाचलं.

"वहिनी, तळ्याची काळजी नको, मी स्वतः न्यायला येईन. पोरी गावात तीस आहेत, मी तुमचीच का मागते? माझी तेरेसा सगळा हिवाळा तुमच्या घरी काम शिकत होती. घरी आली ती फक्त तुमच्याबद्दल बोलायची. मामीने असं केलं, मामीने तसं केलं. जिच्या हाताखाली ती सुखात होती, तिचीच लेक मला हवी."

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या रडल्या. मी नाही. मला फक्त तो खोकला ऐकू येत होता.

२० ऑक्टोबर

शाळेत नर्सबाई आली, क्षयाची तपासणी करायला. सासूबाई दारातूनच आमच्या बोलीत म्हणाल्या, "एवढीशी सुई? हिने टोपली कधी विणायची!" नर्सबाईने मला विचारलं, आजी काय म्हणतात? मी म्हटलं, आशीर्वाद देतात.

अ‍ॅग्नेस हात पुढे करेना. किंचाळत होती. शेवटी मी बाही वर केली — बघ, आधी मला टोचतात. मग तिने दिला.

२३ ऑक्टोबर

अ‍ॅग्नेसचा हात टोचल्या जागी स्वच्छ. मेरी माते, तुझे उपकार!

माझ्या हाताला अर्ध्या डॉलरच्या नाण्याएवढं लाल, टणक, म्हणजे क्षयाची खूण. नर्सबाई म्हणाली, मोठ्यांत पुष्कळांना येतं, शहरात जाऊन छातीचा फोटो काढून घ्या.

मी धीर करून तिला एक कागद मागितला. लगेच लिहून दिला: ज्या घरात क्षयाचा रोगी आहे तिथे ह्या मुलीने राहू नये. खाली सही, शिक्का. हा पाठवला की वन्सं काय बोलणार? सरकारी आहे!

सुटले. आज जेवण गेलं.

२८ ऑक्टोबर

शहरात जाऊन आलो. कागद पिशवीतच होता, परत येताना बेटाच्या टपालात टाकायचा म्हणून.

डॉक्टरने छातीच्या फोटोची काच उजेडाला धरली. उजवीकडे वर ढगासारखं. म्हणाला, जुनं आहे, दोनेक वर्षांचं. मी म्हटलं, मला तर नुसता थकवा वाटतो. म्हणाला, असंच असतं बाई.

मग विचारलं, गेल्या हिवाळ्यात रोज तुमच्याजवळ कोण असायचं? अ‍ॅग्नेस तेव्हा सिस्टरांच्या निवासी शाळेत, शहरात. हे जंगलात लाकूडतोडीच्या कॅम्पवर. सासूबाई धाकट्या दिरांकडे. मी बोटांवर मोजत होते.

तेरेसा.

भूर्जाच्या सालीच्या डब्यावर नक्षीसाठी साळिंदराचे काटे बसवायला शिकत होती. काटा ओला करून मऊ करावा लागतो. आम्ही तोंडात धरतो. आई धरायची, आजी धरायची. तेरेसाला वेग नव्हता, म्हणून मी माझ्या तोंडात चार-पाच भिजवून ठेवायची आणि एकेक तिला द्यायची. काटा घसरू नये म्हणून ती तो ओठांत धरायची. सगळा हिवाळा.

डॉक्टरला विचारलं. "असू शकतं," म्हणाला. नाही, असं नाही म्हणाला.

नऊ नोव्हेंबरला दवाखान्यात खाट मिळेल. वर्षभर तरी. मुलांना आत सोडत नाहीत.

कागद काढून पुन्हा वाचला. ज्या घरात रोगी आहे. ते माझं घर.

२९ ऑक्टोबर

ह्यांना कॅम्पवर जावंच लागेल. सासूबाईंना धड दिसत नाही. दिरांच्या घरी सात माणसं, दोन खोल्या. मग अ‍ॅग्नेस कुठे? सिस्टरांकडे पुन्हा नाही. गेल्या खेपेला आली तेव्हा केस कापलेले, आणि आजीशी बोलताना आमच्या बोलीतले शब्द शोधत होती.

सासूबाई माझा हात धरून बसल्या. मी म्हटलं, लांब बसा. हात सोडेनात.

वन्संना खरं सांगायचं की नुसतं घ्या म्हणायचं? नुसतं म्हटलं तर उद्याच न्यायला येतील. दिवसभर देवासमोर बसले. देव ह्यात पडत नाही.

३० ऑक्टोबर

पाठवलेल्या पत्राची नक्कल:

रोझीन वन्सं,
आजार तुमच्या घरात नव्हता, माझ्यात होता. तेरेसाला तो माझ्यापासून लागला असावा. मी तिच्या हातात ओले काटे माझ्या तोंडातले देत होते. मला ठाऊक नव्हतं. नऊ तारखेला मी दवाखान्यात जाते. परत येईन की नाही सांगवत नाही. अ‍ॅग्नेसची तपासणी झाली, ती धड आहे. तुमच्या खोकल्याचीही तपासणी करून घ्या. हे वाचल्यावरही ती तुम्हाला लेक म्हणून चालेल का? हो असो, नाही असो, उलट टपाली कळवा.
— फिलोमीन