मुळं धुतलेलं जुनिपर

मामा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच. मी बोलते, नात लिहिते. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' करते. करू दे, तिची शाळा वाया जायला नको.

केडगावच्या त्या नर्सरीत तुम्ही मोठे माळी आणि मी खुरपायला आलेली, तीन लेकरांची आई. बुटक्या झाडांचं, त्या बोन्सायचं, काम तुम्ही कुणाला शिकवत नव्हता. मला शिकवलंत, का ते कधी सांगितलं नाहीत. पहिल्याच दिवशी मी जुनिपरच्या, त्या सुरूसारख्या झुडपाच्या, फांदीला वळण द्यायची तार अशी आवळली की तुम्ही ओरडलात, "अगं, मेंढी बांधतीस व्हय कातरायला? झाड पळून जात न्हाई!" माझ्या माहेरी मेंढरं, हाताला तीच सवय. मी म्हटलं, "मेंढी निदान ओरडती तरी, मामा. ह्याचं कसं कळायचं?" तुम्ही हसला नाहीत. तार तिरकी गुंडाळायची, दोन्ही अंगठे खाली देऊन फांदी हळूहळू वाकवायची, आणि तार सालीत रुतायच्या आत काढून टाकायची. एवढं हाताला बसायला मला दोन वर्षं लागली.

मग तुम्ही आजारी पडलात आणि लेकीकडं शिरूरला गेलात. जाताना तुमचं स्वतःचं जुनिपर माझ्या हवाली केलंत. त्याची एकच फांदी वळवायची राहिली होती. "ती मी आल्यावर करीन," म्हणालात. मला वाटलं, तोवर मामांचं झाड जरा नीटनेटकं करावं. कुंडीतून काढलं आणि मुळांची जुनी माती हौदावर पार धुऊन टाकली, कातरणीआधी मेंढरू धुतात तशी. स्वच्छ मुळं बघून मीच खूश. सगळी माती काढली तर जुनिपर जगत नाही, हे मला नंतर कळलं.

मेंढरू मेलं की लगेच समजतं. जुनिपर मेलं तरी महिना-दोन महिने हिरवंच दिसतं. मी रोज पाणी घालत राहिले. मग तुमचा निरोप आला, "झाड घिऊन ये, माझं येनं आता होत न्हाई." निघायच्या सकाळी नखानं साल खरवडून पाहिली. आत तपकिरी, कोरडं. तरी कुंडी मांडीवर घेऊन एसटीत बसले.

तुम्ही खाटेवर उठून बसता. लेक पाठीला उशी देते. "हिरवंगार ठेवलंस की गं! आण तार."

"ऱ्हाऊ द्या मामा, दमाल."

"गप. फांदी धर तू."

तुमचे हात थरथरतात, तार हातात आल्यावर थांबतात. तासभर त्या एका फांदीत जातो. मधेच मी खोकते, तुम्ही थांबता, मग पुन्हा वाकवायला लागता. "आता वरीसभर हिला हात लावू नको," असं बजावता. मी मान डोलावते. आठ दिवसांनी तुम्ही गेलात. झाड पिवळं पडलं ते त्यानंतर.

नात विचारते, हे पत्र टाकायचं कुठं? कुठं नाही, तिच्या वहीतच राहू दे. एवढं मात्र लिही म्हटलं: फांदी वाकवताना आतून कट्कन वाजलं आणि तुम्ही थांबलात, तेव्हा मला खोकला आला नव्हता. मी मुद्दाम खोकले होते.