शेवटचा वामचा तुकडा

३ जून
रिटायर होऊन नऊ आठवडे झाले. आजपासून नियमित रोजनिशी.
नोबुए चौदा तारखेला मिओकडे, म्हणजे आमच्या मुलीकडे, व्हँकुव्हरला चालली आहे. तीन आठवडे. परतीचं तिकीट दिसलं नाही; मिओ तिकडून काढणार असेल. दोन वर्षं झाली, नोबुए माझ्याशी कामापुरतंच बोलते. हे बरं नाही. म्हणून ठरवलं: फ्लाइटआधी हानेदा विमानतळावरच दोघांनी नीट जपानी जेवायचं, आणि जेवता जेवता मी एक वाक्य बोलायचं. नोबुए, इतकी वर्षं तू खूप केलंस, थँक यू. एका वाक्यात सगळं सुरळीत होईल.

५ जून
वाक्य आज घरीच बोलून टाकणार होतो. टीव्हीवर बेसबॉल होतं.
नोबुए म्हणाली, अहो, विमानतळावर मला साधे उदोन नूडल्स चालतील. तिला काय कळतंय! सुशी ठरवली. रांग असते तेच दुकान.

७ जून, सकाळी
नोबुएने सह्यांसाठी कागद आणले. विमा, पेन्शन, आणि एक हिरव्या रेघांचा. म्हणाली, अहो, वाचून घ्या. म्हटलं, ऑफिसात अडतीस वर्षं न वाचता शिक्के मारले, कंपनी बुडाली का? म्हणाली, निदान हा हिरवा तरी वाचा. म्हटलं, आण इकडे. तिसऱ्यांदा म्हणाली, वाचा हो. याला विश्वास म्हणतात, असं सांगून सही केली, शिक्का ठोकला. साक्षीदार म्हणून मिओ आणि शेजारच्या होत्ताबाईंच्या सह्या आधीच होत्या; मिओची टपालाने आली म्हणे. हल्ली कशालाही साक्षीदार लागतात.
एक खटकलं. नोबुएचा शिक्का अगदी ताठ. कनिष्ठाने आपला शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे जरा झुकवून मारायचा, वाकून नमस्कार केल्यासारखा, ही आमच्या ऑफिसची रीत. तिला समजावलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. शिकायची इच्छा आहे.

९ जून
कोंड्यातल्या लोणच्याचं मडकं रोज हाताने ढवळायला शिकवलं तिने. एक दिवस चुकला तरी बिघडतं म्हणाली. म्हटलं, तीन आठवडे होत्ताबाई ढवळतील. म्हणाली, होत्ताबाईंना त्यांचं मडकं आहे.

११ जून
कपाटाची तिची बाजू रिकामी. बॅगेत जाड कोट, या उकाड्यात! विचारलं, तर म्हणाली, तिकडे थंडी पडते. म्हटलं, कधी? म्हणाली, हिवाळ्यात. पॅकिंग काही जमत नाही हिला.
देव्हाऱ्यातला तिच्या आईचा फोटोही जागेवर नाही. पुसायला काढला असेल. हाक मारली तर आवाज घरभर घुमतो. दमट हवेने होत असावं.

१४ जून, सकाळी ९:४०
नोबुए साडेआठलाच बॅग घेऊन निघाली. वॉर्ड ऑफिसात एक काम आहे, विमानतळावर भेटू, म्हणाली. आरशासमोर वाक्य चारदा म्हटलं. चौथ्यांदा एकदाही अडखळलो नाही. झकास.

१२:५०, हानेदा, दुकानाचं स्वच्छतागृह
चाळीस मिनिटं रांगेत गेली. नोबुए आज फार शांत आहे, चेहरा अगदी मोकळा. मिसो सूप झालं. वाक्य सुशीनंतर.

२:१०
ताटात तेरा तुकडे होते. तेरावा वाम माशाचा. ताटातला शेवटचा तुकडा आपण उचलायचा नसतो, समोरच्यासाठी ठेवायचा. घरी तो तसाच पडून राहतो, मग नोबुए म्हणते, तुम्ही घ्या, माझं पोट भरलं. मी घेतो. आज मी चॉपस्टिक पुढे केल्या आणि ताट रिकामं! तुकडा तिच्या तोंडात. डोळे मिटून सावकाश चावत होती. भूक चांगली आहे, प्रवासाला बरं.
मग हात जोडून म्हणाली, कुराता-सान, जेवण छान झालं. नवऱ्याला आडनावाने! तिचंही आडनाव तेच की. थट्टा करत असेल. म्हणजे मूड सुधारला.
सिक्युरिटीच्या दाराशी ती कमरेत वाकली. करार संपल्यावर ग्राहकापुढे वाकतात तशी, खूप वेळ. तीच वेळ होती. तोंड उघडलं. म्हणालो, छत्री घेतलीस ना?

१६ जून
मेसेज आला. पोचले. बस. मडकं उद्यापासून.

१९ जून
वाक्य मेसेजने पाठवायचं म्हणून टाइप केलं, पुसलं. असल्या गोष्टी समोरासमोर बऱ्या. पाच जुलैला ती येईलच.
मडक्याला वास येतोय. वर दुसरं झाकण ठेवलं.

२१ जून
वॉर्ड ऑफिसचं पत्र. कधी नव्हे ते पहिल्या ओळीपासून वाचलं. उभयतांच्या सहीशिक्क्याचा घटस्फोटाचा अर्ज १४ जूनला सकाळी मिळाला, नोंद झाली, कळावे.
सकाळी. म्हणजे सुशीच्या आधी.
मिओला फोन लावला. म्हणाली, बाबा, आईने तुम्हाला तीनदा सांगितलं होतं, वाचा म्हणून. म्हटलं, तिला फोन दे, एकच वाक्य आहे. म्हणाली, ती नाही बोलणार. मग विचारलं, तुझ्या आईला वाम आवडतो का गं?
मिओने प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, सगळ्यात जास्त तोच आवडतो, बाबा.
छत्तीस वर्षं मला वाटायचं, तिचं पोट भरलेलं असतं.