डी ड्राइव्हमधला आवाज

१० नोव्हें., सोम.
सकाळी लॅपटॉप चालूच होईना. निळा पडदा, बंद, परत निळा. १९ ला कोर्टात तारीख. नवऱ्याच्या धमक्यांची सगळी रेकॉर्डिंगं डी ड्राइव्हमध्ये, दुसरीकडं कुठंच नाहीत. मोबाइल त्यानं आपटला तेव्हाच गेला. वकीलबाईंना कॉपी देते देते म्हणत राहिले. चूक माझीच.

११, मंगळ.
ताईकडंच राहते, तिला कळलंच. "गुलमंडीत दे की दुरुस्तीला!" कसं देऊ? तिथं निम्म्या दुकानांत त्याचं उठणंबसणं. कुणी ऐकलं तर. पुसलं तर…
शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या रेहाना मॅडमना विचारलं. "सी वर नवीन विंडोज टाक, डी ला हात नको लावू. होतं गं." विंडोजचा पेनड्राइव्ह करून दिला.

१२, बुध.
शाळेतून आल्या आल्या बसले. विंडोज कुठं टाकायची विचारतं ते पान आलं, पण यादी रिकामी. सी नाही, डी नाही, काहीच नाही.
मॅडमना फोन. "डिस्क मेली नाही गं. इन्स्टॉलरला दिसत नाहीये, बस. तिचा ड्रायव्हर, म्हणजे ओळख पटवणारी फाइल, द्यावी लागते. फॉर्मॅट-बिर्मॅट दाबशील तर मेरी कसम."
फाटकाशी गाडी थांबली. कडी दोनदा पाहिली. शेजारचे होते.

१४, शुक्र.
शाळेतून ड्रायव्हर उतरवून आणला. पहिला चुकीचा, यादी रिकामीच. दुसऱ्याला ओळी आल्या! त्यात डी पण. ताईला हाक मारली, ती कणकेच्या हातानंच आली.
मॅडम फोनवर: "मोठ्यानं वाच, कुठली ओळ?" चारदा वाचली. मग सी वर दाबलं.

१५, शनि.
विंडोज आली. डी ला कुलूप, जुन्या विंडोजमध्ये ते आपोआप उघडायचं. अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागतंय. मॅडम म्हणाल्या, ती विंडोजच्या अकाउंटवर असते. अकाउंट लग्नानंतर त्यानंच काढलेलं, पासवर्ड मला कधी सांगितला नाही. नवीन घ्यायचा तर कोड जातो त्याच्या जुन्या नंबरवर. तो नंबर आता सासूबाईंकडं, शेंद्र्याला. तो पण तिथंच राहतो.
ताई म्हणे, "नको. लई महागात पडंल."

१७, सोम.
तो कामावर असतो त्या वेळेला कोड मागवला आणि सासूबाईंना फोन लावला. घर सोडल्यापासून पहिल्यांदा, आठ महिन्यांनी.
"आई, मोबाइलवर आकडे आलेत. सांगाल मला?"
"कशाचे?"
खोटं ठरवून ठेवलं होतं, तोंडातून निघेना. "त्या दिवशीच्या त्याच्या धमक्यांचा आवाज आहे लॅपटॉपमध्ये. तुम्ही शेजारच्या खोलीतच होता."
तिकडं टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग, "मला कुठं नीट वाचता येतं गं? तो आला की विचारते त्याला." ठेवलाच फोन.
"विचारू नका" म्हणायचं राहिलं. परत लावला, उचलला नाही. कोड थोडाच वेळ चालतो. पडद्यावर रिकामी चौकट. ताईनं कडी घातली.
फोन वाजतोय. सासूबाईंचाच नंबर. बोलणारं कोण असेल, आई की तो… उचलते.