प्रयोगशाळेच्या खोलीबद्दल माझे लेखी मत

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (पाठ धरली असल्याने मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घे). तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला आता बरा असेल. इकडे पाठ सोडून सर्व ठीक.

पाठीचे कारण असे. आमच्या शाळेत आता विज्ञान आभासी जगात शिकवतात. डोळ्यांवर एक डबा बांधायचा, की वर्ग नाहीसा होऊन दुसरीच प्रयोगशाळा दिसते. तिथे आपल्याला नवे शरीर मिळते. माझ्या शरीराला भरपूर केस होते (तेवढी एक सोय मी मान्य करतो). पहिल्याच तासाला कुठले बटण दाबले गेले कोण जाणे, मी कमरेपर्यंत फरशीत गेलो आणि पंधरा मिनिटे तसाच शिकवत राहिलो. मुले गुणी, माझ्याभोवती उकिडवी बसून ऐकत होती. बाहेर पडायला म्हणून मागे सरलो, तो खऱ्या खोलीतल्या खऱ्या कपाटावर आपटलो.

पण वैताग वेगळाच आहे. त्या जगात लंबक हलवला की गुरुत्वाचे उत्तर दर वेळी नऊ पूर्णांक आठ. मग मुलांना खऱ्या लंबकाकडे नेले, तर कुणाचे नऊ पूर्णांक तीन, कुणाचे दहा पूर्णांक एक. एका मुलीने शांतपणे विचारले, की सर, हा लंबक अपडेट कधी करणार? उत्तर का चुकले हे शोधणे म्हणजेच विज्ञान, असे मी सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले आणि डबा मागितला. आता मुख्याध्यापकांना खरी प्रयोगशाळा मोडून ती खोली डब्यांना द्यायची आहे. शुक्रवारपर्यंत माझे लेखी मत हवे आहे. अठ्ठावीस वर्षे त्या खोलीत काढली, ताई. ती गेली तर मला फार वाईट वाटेल. मत कडक लिहिणार आहे, कुणाची भीडभाड न ठेवता.

तुझा धाकटा

ता. क. बाबांनी ओतलेला शिशाचा गोळा तू गॅलरीचे दार आपटू नये म्हणून ठेवला आहेस, तो पाठव. लहानपणी आपण त्याचा लंबक करून नऊ पूर्णांक सातपर्यंत आलो होतो.

आणखी ता. क. काल मधल्या सुट्टीत, दोष शोधायला म्हणून, एकटाच डबा लावून गेलो. तिथे हवा काढून टाकायचे बटण आहे. पीस आणि दगड एकदम सोडले. दोन्ही एकदम टेकले (ते कुणीतरी तसे बसवले आहे, हे मला कळते). अठ्ठावीस वर्षे मी फळ्यापुढे 'समजा, हवा नाही' म्हणत आलो, पाहिले मात्र काल. अकरा वेळा सोडले. डबा लावलेला असताना डोळे पुसता येत नाहीत. तेव्हा गोळा पाठवच, पण मतही तूच लिहून पाठव. माझ्याच्याने आता कडक लिहवत नाही.