घर धाकटीचं, कपाट थोरल्याचं

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कुणी माझे कान भरलेले नाहीत. एवढं वकिलांनी सांगितलं तसं. पुढचं माझं मी लिहिलंय.

एक. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते आतल्या चीजवस्तूंसकट धाकट्या सुनेला द्यावं. माझा धाकटा गेला, तरी ती इथेच राहिली. थोरला म्हणतो, "आई, घर विकून टाकू. तिने माहेरी जावं. ती काय आपल्या रक्ताची आहे?" अरे, गाद्या उन्हात घालायला रक्त नाही लागत, मनगट लागतं.

ही घरात आली त्याच आठवड्यात तिने मिक्सर मोटारीसकट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवला. वर मलाच म्हणते, "तुम्हीच म्हणालात ना आई, आतूनबाहेरून स्वच्छ हवं?" मी तोंडाला येईल ते बोलले. तिने स्क्रू खोलले, मोटार पंख्याखाली वाळवली, आणि मिक्सर पुन्हा घरघरायला लागला. तेव्हापासून या घरात दुरुस्तीवाला आलेला नाही. फ्रिजच्या दाराचं रबर तिने बदललं, धुण्याच्या मशीनची जाळी तीच काढून घासते. माझं आजारपणही तिनेच काढलं, नाक न मुरडता. हे तिला तोंडावर सांगितलं नाही. शेफारली असती.

दोन. चीजवस्तूंतलं लोखंडी कपाट तेवढं थोरल्याला. दाराच्या आतून त्याने लहानपणी खिळ्याने कोरलेलं जहाज आहे. कपाटाला रंग दिला तेव्हा मी तेवढं सोडून दिला. बोट फिरवून धूळ बघायची त्याला सवय आहे, फडका धरायची नाही. बिजागऱ्यांना तेल त्याने स्वतः घालावं, बायकोला सांगू नये.

तीन. माझी शिडी शेजारणीकडे अडकली आहे. सुनेने ती मागू नये. शेजारीण बघत असताना डगमगत्या स्टुलावर चढून जळमटं काढावीत. आणून देईल.

चार. मी गेल्यावर भेटायला येणाऱ्यांसाठी कुणी फरशा घासत बसू नये. पसारा दिसला तर दिसू दे. मला कोण नावं ठेवणार आता?

पाच. सुनेने दाराचं कुलूप लगेच बदलावं. थोरल्याकडे जुनी किल्ली आहे, ती चालणार नाही. त्याने बेल वाजवावी. दार उघडायचं की नाही, ते ती ठरवेल. उघडेलच, स्वभावच तसला आहे तिचा. चहासुद्धा टाकेल. पण बेल वाजवून बाहेर थांबायचं, बाळा.

सही: माझीच.

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर. मला तपासून, शुद्धीवर आहे म्हणाले.
२. समोरची शिंपीण. आधी पोट धरून हसली, मग डोळे पुसून सही केली.

ठिकाण: घरचं स्वयंपाकघर. सून भाजी आणायला गेली आहे, तेवढ्यात उरकलं.
तारीख: नऊ नोव्हेंबर, सोमवार.