एक जीबीचा कॉम्प्युटर आणि उलटवलेला कौल

मी, शी चिन-थु, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा रेडिओ-पंखे दुरुस्ती (आता बंद), राहणार लुगांग, तैवान, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास ते खोटे समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा किएन-हुंग याला. अट एकच, देव्हाऱ्यातली त्याच्या दिवंगत आईच्या नावाची पाटी, जिच्यात ती वास करते असे आम्ही मानतो, जागची हलवू नये.

२. दुकानातली हत्यारे तंत्रशाळेला द्यावीत. जर्मन पेचकस त्यात सापडणार नाही. तो घड्याळजी लिन बाओ-शेंग याने एकोणीस वर्षांपूर्वी 'उद्या देतो' म्हणून नेला. आता त्याच्याकडेच राहू द्यावा. पण नेला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

३. किएन-हुंगने भेट दिलेला नवा टॅब त्याला परत. खोक्यातून काढलेला नाही. "बाबा, तो डबा फेका आता, एक जीबी मेमरीत काय होतं?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. काय होते ते कलम ४ मध्ये वाचावे.

४. सदर डबा, म्हणजे मुलगी मेइयुन हिचा कॉलेजातला कॉम्प्युटर, मेइयुनलाच. ती टोरांटोला नर्स म्हणून गेली तेव्हा मी त्यातले सगळे उपसून काढले, हलकी प्रणाली घातली, पंख्यातली धूळ तिच्या आईच्या केसांच्या ब्रशने काढली (त्यावरून दोन दिवस अबोला होता). चालू केला की फक्त व्हिडिओ कॉल उघडतो, दुसरे काही नाही. चित्र लहान ठेवावे. अडकले तर बटणे बडवू नयेत, दहा आकडे मोजावेत, येते. सहा वर्षे दर रविवारी सकाळी माझी बायको अ-मिएन त्यासमोर बसून लेकीला "जेवलीस का?" विचारत असे.

५. आता मुख्य गोष्ट. अ-मिएन गेली तेव्हा साथीमुळे विमाने बंद होती, मेइयुनला येता आले नाही. शंभराव्या दिवशी मी कॉम्प्युटर देव्हाऱ्यासमोर ठेवला. नैवेद्याला कालवांचे धिरडे होते. मेइयुन पडद्यावरून म्हणाली, "बाबा, आईला विचारा ना, माझ्यावर रागावलीय का?"

मी कौलाच्या दोन्ही लाकडी फाका, एका बाजूने फुगीर आणि एका बाजूने सपाट, जमिनीवर टाकल्या. दोन्ही फुगीर बाजू वर करून पडल्या, म्हणजे नकार. त्याच क्षणी चित्र अडकले. मी पन्नास वर्षे कौल लावतो आहे, नकार म्हणजे वाईट, एवढेच हाताला ठाऊक. पोरीने हे बघायला नको, एवढेच डोक्यात आले, आणि मी बोटाने एक फाक उलटवून तिची सपाट बाजू वर केली. एक फुगीर, एक सपाट, झाला होकार.

शेजारच्या श्यू काकू ओरडल्या, "अहो, काय केलंत हे! पोर 'आई रागावलीय का' विचारत होती, नकारच चांगला होता!"

अरे देवा! तोवर चित्र सुटले होते. मेइयुनने होकार पाहिला. "कळलं, बाबा," म्हणाली आणि कॉल बंद केला.

तिला मी खरे सांगितले नाही असे नाही. त्याच दुपारी फोन केला. "समजूत घालू नका, बाबा." मग श्यू काकू बोलल्या. "काकू, तुम्हालाही शिकवून ठेवलं का त्यांनी?" तीन वर्षे झाली. फोनवर माझे औषधपाणी विचारते, पण चित्राचा कॉल लावत नाही, कारण मागे आईची पाटी दिसते. विमाने सुरू झाली तरी आली नाही. म्हणते, "आईला मी नकोय, कुठल्या तोंडाने येऊ?" माझ्या एका बोटाने मायलेकी तोडल्या. याची मला फार लाज वाटते.

म्हणून हा कागद. मरणाच्या कागदावर माणूस समजूत घालत बसत नाही. मेइयुन, मी शपथेवर लिहितो की तुझ्या आईचे उत्तर 'नाही' होते. ती रागावलेली नाही. होकार माझ्या बोटाचा होता.

६. कौलाच्या फाका मेइयुनला. तिने त्या इथे येऊन, देव्हाऱ्यासमोर, स्वतःच्या हाताने टाकाव्यात. मध्ये पडदा नको, मीही नको.

७. मेइयुन, माझ्या मागे कौल लावून मला काही विचारायचे झाले तर 'रागावलात का' विचारू नकोस. त्या प्रश्नाचा मी धसका घेतला आहे. 'जेवलात का' एवढेच विचार.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, म्हणून दोघांना बोलावले आहे.

स्थळ: लुगांग. दिनांक: ९ मार्च २०२४.

सही व शिक्का: शी चिन-थु

साक्षीदार:

लिन बाओ-शेंग, घड्याळजी. (पेचकस उद्या आणून देतो.)

श्यू वांग-चिह, शेजारीण. मी त्या दिवशी तिथेच होते. दोन्ही फाका फुगीर बाजू वर करून पडल्या होत्या. पोरी, घरी ये.