शेवंतीची नोंद

पणजी
दि. ९ फेब्रुवारी १९८८

ती. जानकीताईस,

गोकुळदासचा नमस्कार. माझं अक्षर ओळखून पत्र चुलीत घालशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता दुसऱ्याकडून लिहून घेतला.

पार्श्याला काजू मोहरलेत का? हर्षा आता सहावीत असेल. मोटारीवरचा बाबली म्हापशाला भेटतो, तो सांगतो. बहिणीची पोर एकटीने वाढवलीस, ताई.

मी पोलिसांच्या आकडेवारी शाखेतच आहे. गोवा राज्य झाल्यावरचा पहिला वार्षिक तक्ता यंदा दिल्लीला पाठवला. देशभरचे खुनांचे आकडे समोर होते. मोठ्या राज्यांचे हजारांत, आपले अगदी थोडे. साहेब खूश. म्हणाले, "बघा, आमचा गोवा किती शांत!"

मी कारणांचे रकाने बघत होतो. दरोडेखोरांनी मारलेले कमी, ओळखीच्यांनी मारलेलेच जास्त. आणि बायका तर कितीतरी स्वतःच्याच घरात. मग मी जुनी वही काढली. १९७९, डिचोली. खुनांत आपली शेवंती नाही. ती अपघाती मृत्यूंत आहे.

लाटंबार्शाला तिच्या सासरच्या त्या विहिरीकाठी तू माझा दंड धरून ओरडलीस, "गोकुळ, तिचो गळो बघ! बावीत पडलेल्याक असे वळ उठतत?" मी म्हटलं, "माका काय दिसना नाय."

दिसत होतं, ताई. चारही वळ दिसत होते. तरी माहेरचा माणूस म्हणून पंचनाम्यावर मी सही केली. महिन्याभरात मला ही नोकरी लागली. शेवंतीच्या नवऱ्याच्या, सगुणच्या काकांनी शब्द टाकला होता. हे तुला कळलं असेल असं नेहमी वाटायचं, पण तू कधी बोलली नाहीस. माझ्याशीच बोलली नाहीस.

गेल्या सोमवारी डिचोलीला जाऊन मी जबाब दिला. पाहिलं ते, सही केली ती, नोकरीचंही. फौजदार म्हणाला, "नऊ वर्षांनी तुमच्या एकट्याच्या बोलण्याने काय होणार?" मग त्याने जुनी फाईल मागवली. आत तुझे अर्ज. दरवर्षी शेवंतीच्या तिथीला एक, असे नऊ. चौथी शिकलेली तू, तीन मोटारी बदलून जायचीस, आणि मी पणजीत पंख्याखाली बसून खून मोजत होतो.

फौजदाराने नऊही अर्ज सलग वाचले. "बाईंनी एक शब्द बदललेला नाही," म्हणाला. पहिल्याच अर्जात तू शेजारच्या रुक्मिणीचं नाव दिलं होतंस, तिने त्या सकाळी किंकाळी ऐकली म्हणून. तिला कोणी विचारलंच नव्हतं. बुधवारी विचारलं. ती म्हणाली, "इतकी वर्सां वाट बघी होतंय, कोण तरी येतलो म्हणान."

खुनाचा गुन्हा नोंदला गेला. काल सगुणला अटक झाली.

माझी नोकरी बहुधा जाईल. जाऊ दे. हर्षाला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी तू सांग. तिच्या आईसाठी कोण झगडलं तेही सांग, आणि मी काय केलं ते लपवू नकोस. कोर्टात तुझ्या बाजूला उभा राहीन. बोलली नाहीस तरी चालेल.

तुझा भाऊ असं लिहायचं की नाही, ते तू ठरव. आज नुसता,

शेवंतीचा भाऊ
गोकुळदास